आधी ओपीजी, मग दवाखाना

खालच्या दोन्ही अक्कलदाढा आडव्या आहेत आणि डॉक्टर चारही एकदम काढू म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. वरच्या दोन सरळ असतील आणि त्रास देत नसतील, तर त्या का काढायच्या, हे आधी विचारा.

खालच्यांचं मात्र खरंच जपून. जबड्यातून ओठ-हनुवटीला संवेदना देणारी नस जाते आणि आडव्या दाढेची मुळं कधीकधी तिला अगदी खेटून असतात. ओपीजीत, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, तसं दिसलं तर सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी) स्कॅन करून घ्या, आणि काम ओरल सर्जरीत एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) केलेल्याकडेच द्या. पुष्कळ दवाखान्यांत असे सर्जन ठरलेल्या दिवशी येतात. टाके काढायला आणि काही बिघडलं तर कोण भेटणार, तेही विचारून ठेवा.

मुंबईत असाल तर सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा नायरचं दंत रुग्णालय आहेच. खर्च बराच कमी, पण रांगेची तयारी हवी. मी एक दाढ अशाच सरकारी ठिकाणी काढली. विद्यार्थ्याच्या हातून, सर शेजारी उभे. तासभर लागला, पण दुखलं ते भूल उतरल्यावरच.

आणि हो, नंतर काही दिवस स्ट्रॉ आणि सिगरेट बंद. दाढेच्या जागी धरलेली रक्ताची गुठळी निघाली की खड्डा उघडा पडतो, म्हणजेच ड्राय सॉकेट होतं, आणि ते दुखणं दाढेपेक्षा वाईट.