शहराला कंटाळलात? नेमकं कधी, ते सांगा

शहराचा कंटाळा आला, असं आपण येता-जाता म्हणतो. परवा लिफ्टची वाट बघत सहा जण उभे होतो आणि सहाही जण तेच म्हणत होते. म्हणून हा धागा. एकच अट: 'निसर्गाच्या सान्निध्यात' हे शब्द चालणार नाहीत. तास लिहा, लिटर लिहा, काय फसलं ते लिहा. गेलेल्यांनी लिहा, जाऊन परत आलेल्यांनी लिहा, नुसते मनात मांडे खाणाऱ्यांनीही लिहा.

सुरुवात माझ्यापासून. चौदावा मजला. दोन दिवस वीज नव्हती. अंधाराचं एक वेळ चाललं असतं, पण पंप बंद म्हणजे नळ कोरडे. दुसऱ्या संध्याकाळी दोन बादल्या घेऊन जिना चढताना नवव्या मजल्यावर बसकण मारली. बादलीत हात बुडवून मानेला लावला आणि डोक्यात आलं, हे पाणी कुठून येतं मला ठाऊक नाही. कुठे जातं तेही नाही. या घरात अकरा वर्षं राहतेय.

* * *

माझं प्रकरण निव्वळ हिशोबाचं. कामावर जायला दीड तास, यायला दीड. वर्षाचे 240 दिवस धरले तर 720 तास. त्याला 24 ने भागा. वर्षातले तीस दिवस, रात्री धरून, मी अनोळखी माणसाच्या पाठीला नाक लावून उभा असतो. नोकरीला बारा वर्षं झाली, म्हणजे एक वर्ष उभ्यानेच गेलं.

शेतबित घेतलं नाही. ऑफिसपासून चालत वीस मिनिटांवर निम्म्या आकाराचं घर भाड्याने घेतलं. निम्मं सामान देऊन टाकलं, गाडी विकली. बायको महिनाभर धुसफुसत होती. आता तीही चालत जाते. याला शाश्वत जगणं म्हणायचं की नाही, तुम्ही ठरवा.

* * *

आम्ही दोघं गेलो. चार वर्षं झाली. दोन एकर, एक विहीर आणि तीन किलोवॉटची सोलर पॅनल. चांगल्या उन्हात दिवसाला बाराएक युनिट मिळतात. आभाळ भरून आलं की दोनसुद्धा नाही. हे आधी कागदावर वाचलेलं होतं, पण कागदावर ढग येत नाहीत.

पहिल्या पावसाळ्यात बॅटऱ्या मारल्या. शिशाच्या बॅटऱ्या निम्म्याखाली वरचेवर उतरवायच्या नसतात. आम्ही रोज रात्री तळ गाठत होतो, कारण फ्रिज चालू ठेवायची सवय. दीड वर्षात अख्खा संच भंगारात गेला. आता सकाळी उठल्यावर आधी आभाळाकडे बघतो, मग कपडे धुवायचे की नाही ते ठरतं. ऊन असलं तर पंप, वॉशिंग मशीन, इस्त्री सगळं अकरा ते तीनमध्ये उरकायचं. वेळापत्रक सुटावं म्हणून शहर सोडलं होतं. इथे सूर्याचं आहे, आणि तो रजा मंजूर करत नाही.

जमीन पहिलं वर्ष काही देईना. फावडं मारलं की ढेकूळ निघायचं, विटेसारखं. आमच्यातला उत्साही माणूस (मी) खोल नांगरायला निघाला होता. बायकोने अडवलं आणि हाताला लागेल तो पालापाचोळा, वाळकं गवत अंथरत सुटली. वीतभर थर. दोन वर्षं मी चेष्टा केली. तिसऱ्या वर्षी आच्छादन सारून बोटं घातली तर मनगटापर्यंत आत गेली, आणि हाताला जंगलातल्यासारखा वास. एका मुठीत सात गांडुळं. मोजली होती.

आता जे कुणी सांगत नाही ते. मुलीची शाळा अठरा किलोमीटर. दवाखाना त्याच्या पुढे. शहरात आम्ही जितकं पेट्रोल जाळत होतो त्याच्या दुप्पट इथे जाळतो. पॅनलचा फोटो काढताना गाडी फ्रेममध्ये येऊ देत नाही, एवढंच.

* * *

वरच्यांना: पावसाचं पाणी साठवता का?

* * *

साठवतो. हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमचं छप्पर 100 चौरस मीटर, म्हणजे दहा मिलिमीटरला हजार लिटर. त्यातलं थोडं सांडतं, थोडं उडून जातं, 800 धरा. पहिल्या सरीचं पाणी टाकीत घेऊ नका, छपरावरची विष्ठा आणि धूळ तीच धुऊन आणते.

* * *

मी खेड्यात वाढलो. तुम्ही सगळे ज्याची स्वप्नं बघताय ते आम्ही लहानपणी नाइलाजाने जगलो. कचरा नव्हता, कारण टाकण्याजोगं काही नव्हतंच. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि माझ्या आईने ते किती किलो वाहिलं याचा हिशोब कुणी मांडला नाही. मान वळवताना तिला अजून खांद्यासकट वळावं लागतं. साधं जगणं निवडता येणं हीसुद्धा श्रीमंतीच. रागाने लिहीत नाही. थोडा राग आहे.

* * *

(धागा काढणारी) हे लिहिल्याबद्दल आभार, ही बाजू यायलाच हवी होती. याच्याशी जोडून आठवलं. साध्या राहणीचा विषय निघाला की थोरो या अमेरिकन लेखकाचं नाव येतंच. 1845 ते 1847, दोन वर्षं दोन महिने तो तळ्याकाठी खोपटात राहिला. पण जमीन एमर्सन या मित्राची होती, आणि घर चालत जाण्याइतकं जवळ. अधूनमधून तो घरी जाऊन जेवूनही यायचा. लोक यावरून त्याला ढोंगी ठरवतात. मला उलट हायसं वाटतं. एकट्याने सगळं जमवायचं हे खूळ आपल्या डोक्यात कुणी भरवलं कोण जाणे.

* * *

मी परत आले. तीन वर्षं राहून. वडिलांना रात्री दोन वाजता दरदरून घाम फुटला आणि मोठं हॉस्पिटल सत्तर किलोमीटरवर. वडील वाचले. मी गाडी चालवली तो दीड तास अजून संपलेला नाही.

आता तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. तिन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, त्यामुळे थंडीत घर लवकर गार पडत नाही. भाजी, शाळा, डॉक्टर सगळं पायी. इथे माझा पृथ्वीवरचा भार तिथल्यापेक्षा बहुधा कमीच असेल. तरी पहाटे कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजला की तिथला अंधार आठवतो. भार कमी होणं आणि जीव रमणं यांची गाठ बसतेच असं नाही.

* * *

भाड्याचं घर, गच्चीला कुलूप, बाल्कनी एका खुर्चीएवढी. तिथे कंपोस्टचा डबा ठेवला. तिसऱ्या आठवड्यात असा वास सुटला की सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझा स्वतंत्र विषय झाला. चूक माझीच. नुसता ओला कचरा कोंबत होतो. त्यात नायट्रोजन भरपूर, पण वजनाने त्याच्या पंचवीस-तीस पट कार्बन लागतो, आणि हवा. एक मूठ ओलं, दोन मुठी सुकी पानं, दोन दिवसांनी ढवळायचं. चार दिवसांत वास गेला.

गंमत पुढे. मोठा ढीग आतून 55 अंशांच्या वर तापतो आणि बिया मरतात. त्याला साधारण घनमीटरभर माल लागतो. माझा डबा कोमटसुद्धा होत नाही. ते खत कुंडीत घातलं तर गुलाबाभोवती न लावता टोमॅटोची एकोणीस रोपं उगवली. ज्या काकांनी तक्रार केली होती त्यांनी त्यातली सहा नेली. गुलाब गेला.

* * *

आम्ही पुढच्या महिन्यात निघतोय. वर सगळं वाचलं, पेट्रोलचंही, हॉस्पिटलचंही. बायको म्हणाली, आता तरी फेरविचार कर. केला. जागा बदलली, हॉस्पिटल बावीस किलोमीटरवर आहे अशी घेतली. एकच अडचण राहिली. कंपोस्टचा डबा अर्धा भरलाय, टाकवत नाही. ट्रकमधून नेता येईल का? झाकण बंद ठेवू की उघडं?

* * *

उघडं. वर सुक्या पानांचा चार बोटं थर द्या आणि जेवायला थांबलात तर ट्रक उन्हात लावू नका. ड्रायव्हरला आधी सांगून ठेवा.