कॅम्पर व्हॅनसाठी सिमकार्डाचा राउटर : कोणता घ्यावा?

प्रश्न (सातारा):
नमस्कार. गेल्या वर्षी आम्ही एक जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्पर व्हॅन करून घेतली. शुक्रवारी दुपारी कास, बामणोली किंवा कोयनानगरच्या बाजूला मुक्कामी जातो, परंतु शनिवारी सकाळी मला दोन तास व्हिडिओ बैठकीस बसावेच लागते. आतापर्यंत हॉटस्पॉटवर भागवले. मात्र गाडीचे दार लावले की रेंज जाते, म्हणून फोन खिडकीच्या काचेला टेकवून ठेवते आणि तो उन्हाने इतका तापतो की चार्जिंगच थांबते. राउटर फाइव्ह-जीचाच घ्यावा का, आणि तो गाडीच्या बॅटरीवर थेट चालेल का, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सल्ला द्यावा.

प्रतिसाद १ (सांगली):
ताई, कंपनी ठरवण्याआधी माहितीपत्रकातील बँडची (राउटर ज्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यांवर चालतो त्यांची) यादी वाचा, कारण मी नेमकी तीच वाचली नव्हती. स्वस्तात मिळतो म्हणून एका ऑनलाइन विक्रेत्याकडून परदेशी राउटर मागवला. त्यात अमेरिकेतील २, ४, १२, १३ आणि ६६ हे बँड होते, तर आपल्याकडे फोर-जीसाठी जिओ ३, ५ आणि ४० वर आणि एअरटेल मुख्यतः १, ३, ८ आणि ४० वर चालते. बाकी सगळे दिवे लागले, नेटवर्कचा तेवढा लागला नाही, आणि विक्रेत्याने तो परत घेतला नाही. बामणोलीसारख्या दरीत ८५० मेगाहर्ट्झचा बँड ५ किंवा ९०० चा बँड ८ उपयोगी पडतो, कारण २३०० चा बँड ४० वेग देतो पण डोंगराआड लवकर दम टाकतो.

फाइव्ह-जीसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत, असे माझे मत आहे. व्हिडिओ बैठकीला तीन-चार एमबीपीएस पुरतात आणि कॅटेगरी ४ चा (हा वेगाचा दर्जा) साधा फोर-जी राउटर कागदावर १५० देतो. तेच पैसे अँटेनावर घाला. व्हॅन म्हणजे पत्र्याचा डबा. त्यात राउटर कितीही चांगला असला तरी तो डब्यातच बसतो. बाहेरच्या अँटेनासाठी दोन एसएमए सॉकेट (अँटेनाची केबल पिळून जोडायची जागा) असलेलाच राउटर घ्या, टपावर दोन्ही अँटेना लावा (एकच लावली तर वेग कमी होतो), आणि केबल शक्य तितकी आखूड ठेवा, नाहीतर टपावर मिळवलेले केबलमध्येच गमवाल.

विजेचे म्हणाल तर बऱ्याच घरगुती राउटरना नेमके १२ व्होल्ट लागतात. गाडी चालू असताना मात्र बॅटरीचे व्होल्ट १४ च्या वर जातात, आणि स्टार्टर मारताना व्होल्टेज इतके खाली येते की राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. त्यामुळे टेल्टोनिकाच्या रूट२४१ सारखा ९ ते ३० व्होल्टवर चालणारा राउटर घ्यावा, किंवा मध्ये स्थिर १२ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर बसवावा. सहा वॅट धरले तर चोवीस तासांत बॅटरीतून सुमारे १२ अँपिअर-तास जातात.

प्रतिसाद २ (कराड):
वरील मताशी बहुतांशी सहमत आहे, परंतु अँटेना आधी विकत घेऊ नये. फोनमध्ये सिग्नलचा आकडा (डीबीएममध्ये) दाखवणारे ॲप टाका, फोन आधी गाडीत आणि मग टपावर ठेवून पाहा. आकडा उणे ९० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११० च्या खाली गेला तर बैठकीचा भरवसा धरू नये. टपावरही काहीच येत नसेल तर अँटेना नसलेले नेटवर्क आणणार नाही. तिथे दुसऱ्या कंपनीचे सिम हाच उपाय, म्हणून दोन सिमचा राउटर परवडत असेल तर तो पाहावा. बाजारात मिळणारे सिग्नल बूस्टर मात्र परवान्याशिवाय लावणे बेकायदेशीर आहे, त्या भानगडीत पडू नका.

प्रश्नकर्ती :
शनिवारी बामणोलीत मोजले. आत उणे ११४, शिडीवर चढून टपावर ठेवल्यावर उणे ९९, आणि दुसऱ्या कंपनीच्या सिमवर दोन्हीकडे नेटवर्कच नाही. म्हणजे फोर-जीचा राउटर आणि टपावरची अँटेना हे ठरले. आता अडचण अशी की टपाचा मागचा भाग सोलर पॅनलने व्यापला आहे. पुढे, चालकाच्या डोक्यावर, अँटेना लावली तर चालेल का?

प्रतिसाद १ (सांगली):
चालेल, फक्त पॅनलपासून हातभर लांब ठेवा. छिद्र पाडण्याआधी आतल्या बाजूने दिव्याची वायर कुठून गेली आहे ते पाहून घ्या. माझी मी तशीच तोडली होती.