नव्याने शिकून बाहेर पडलेल्या ब्यूटी थेरपिस्टला पुण्यात पहिली नोकरी कशी मिळेल?

नवोदित_कर्वेनगर (प्रश्न)

नमस्कार. मी शासकीय आयटीआयमधून कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम यंदा पूर्ण केला असून राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र माझ्या हाती आले आहे. थ्रेडिंग, वॅक्सिंग, क्लीनअप, फेशियल, मॅनिक्युअर, पेडिक्युअर, साधा मेकअप आणि साडी नेसवणे ही कामे मला चांगली येतात. केस कापण्याचा सराव मात्र कमी आहे आणि मी अर्ज करताना ते स्पष्ट सांगते.

निकाल लागल्यापासून मी कोथरूड, डेक्कन, औंध आणि बाणेर या भागांत चौकशी करत आहे. साखळी पद्धतीच्या मोठ्या सलॉनमध्ये निदान दोन वर्षांचा अनुभव मागतात आणि छोट्या पार्लरमध्ये ‘हेल्पर म्हणून या, हात बसला की पगाराचे बघू’ असे उत्तर मिळते. एका ठिकाणी मला ट्रायलसाठी बोलावून सकाळपासून रात्रीपर्यंत पैसे देणाऱ्या ग्राहकांचे वॅक्सिंग आणि पेडिक्युअर करून घेतले गेले आणि त्यानंतर होकार किंवा नकार काहीच कळवले नाही. दुसऱ्या एका ठिकाणी नोकरी द्यायला तयार होते, पण मूळ प्रमाणपत्र त्यांच्याकडे जमा करायचे, दोन वर्षांचा बाँड लिहून द्यायचा आणि काम सोडल्यास त्या परिसरात दुसरीकडे काम करायचे नाही अशा अटी होत्या. घरच्यांना ते पटले नाही, मलाही नाही.

मला विचारायचे आहे ते असे की अनुभव नसलेल्या मुलीमध्ये सलॉनचे मालक नेमके काय पाहतात, ट्रायलच्या नावाखाली दिवसभर विनामूल्य काम करणे ही या क्षेत्राची रीतच आहे का, आणि कर्ज काढून एखादा आंतरराष्ट्रीय डिप्लोमा केल्यास ही अडचण सुटेल का? वडील डिप्लोमासाठी पैसे उभे करायला तयार आहेत, म्हणून हा निर्णय मी घाईने घेऊ इच्छित नाही.

पार्लर_कोथरूड

मी कोथरूडमध्ये बऱ्याच वर्षांपासून पार्लर चालवते आणि दरवर्षी नव्या मुलींना कामावर घेते, त्यामुळे नोकरी देणारीच्या बाजूने सविस्तर लिहिते.

आम्ही ‘अनुभव’ मागतो तेव्हा आम्हाला प्रत्यक्षात दोन गोष्टी हव्या असतात. पहिली म्हणजे वेळेचे भान. वर्गात एका फेशियलला हवा तेवढा वेळ मिळतो, चुकले तर बाई शेजारी उभ्या असतात. पार्लरमध्ये मात्र पुढची अपॉइंटमेंट बाहेर बसलेली असते आणि संपूर्ण हातापायांचे वॅक्सिंग ठरलेल्या वेळेत, एकही पट्टी दोनदा न ओढता संपवावे लागते. दुसरी गोष्ट म्हणजे ग्राहकाचा विश्वास. आयब्रोसाठी येणारी बाई तीन-चार आठवड्यांनी पुन्हा येते, वर्षानुवर्षे येते आणि सोबत बहिणीला, सुनेला घेऊन येते. नव्या मुलीच्या हातून भुवईची कमान एकदा बिघडली तर ती भरून यायला कित्येक आठवडे जातात आणि तोवर त्या बाईने दुसरे पार्लर शोधलेले असते. नव्या मुलीला आम्ही सुरुवातीला आयब्रोला हात लावू देत नाही त्यामागे हे कारण आहे. तुमच्या प्रमाणपत्रावर अविश्वास दाखवण्याचा त्यात हेतू नसतो.

त्यामुळे माझा पहिला सल्ला असा की थ्रेडिंगचा सराव वेगवेगळ्या भुवयांवर करा. मैत्रिणींच्या दाट, तरुण भुवयांवर सगळ्यांनाच जमते. विरळ भुवया, उलट्या दिशेने वाढणारे केस आणि साठीच्या पुढच्या बायकांची सैल कातडी, जी ताणून न धरल्यास दोऱ्यात सापडते, यांवर ज्या मुलीचा हात स्थिर राहतो तिला मी अनुभवाचा दाखला विचारत नाही. दोरा दातात न धरता मानेभोवती अडकवून थ्रेडिंग करण्याची सवय लावा, कारण दातात धरलेला दोरा आता पुष्कळ ग्राहकांना चालत नाही.

ट्रायलच्या वेळी मी हाताइतकेच तोंडातून येणारे प्रश्न पाहते. वॅक्स लावण्यापूर्वी मुलीने स्वतःच्या मनगटावर त्याची उष्णता तपासली का, आणि ‘चेहऱ्यावर रेटिनॉलचे क्रीम लावता का, मुरुमांसाठी गोळ्या चालू आहेत का’ असे ग्राहकाला विचारले का, याकडे माझे लक्ष असते. रेटिनॉइड (रेटिनॉल याच गटातले) क्रीम लावणाऱ्या किंवा मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीची त्वचा नाजूक झालेली असते आणि वॅक्सच्या पट्टीबरोबर ती सोलून निघू शकते. हा प्रश्न न चुकता विचारणारी मुलगी हळू काम करत असली तरी मी तिला घेते, कारण वेग सरावाने येतो, पण ही काळजी उपजत किंवा चांगल्या शिक्षकाकडूनच आलेली असते.

आता ट्रायलबद्दल. तुम्ही सोबत नेलेल्या मैत्रिणीवर किंवा सलॉनमधल्याच एखाद्या मुलीवर दोन-तीन कामे करून दाखवणे, तेही तास-दोन तासांत, एवढ्याला ट्रायल म्हणतात. ज्या कामाचे पैसे ग्राहकाने काउंटरवर भरले ते काम झाले आणि त्याचा मोबदला तुम्हाला मिळायला हवा. तुमच्या बाबतीत जे घडले ते घडायला नको होते आणि त्याला या व्यवसायाची रीत म्हणणे मला मान्य नाही. यापुढे फोनवरच विचारा की ट्रायल कोणावर असेल, किती वेळ चालेल आणि निर्णय कधी कळेल. हा प्रश्न विचारल्यामुळे जर कोणी बोलावणे रद्द केले तर तुमचे नुकसान झालेले नाही.

कधी चौकशी करावी यालाही महत्त्व आहे. शनिवार-रविवारी दुपारी पार्लरमध्ये गेलात तर मालकीण मान वर करून पाहणारही नाही. मंगळवार-बुधवारची सकाळ निवडा. वर्षाचा विचार केला तर गौरी-गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या आधी आमच्याकडे हात कमी पडतात, आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली की ब्रायडलच्या कामासाठी मदतनीस हव्याच असतात. परंतु नव्या मुलीला शिकवायला तेव्हा कोणालाही सवड नसते. मला विचाराल तर पितृपक्षाचा पंधरवडा सर्वांत चांगला, कारण ग्राहक कमी असतात, मालकीण निवांत असते आणि दिवाळीपूर्वी मुलगी तयार व्हावी अशी तिची स्वतःचीच गरज असते.

माजी_शिल्पनिदेशिका

वरील प्रतिसादाशी मी पूर्णपणे सहमत आहे. मी शिकवण्याच्या बाजूने दोन मुद्दे मांडते.

अनुभवाची अट ओलांडण्याचा एक अधिकृत मार्ग आहे आणि आमच्या बहुतेक विद्यार्थिनी तो वापरत नाहीत, याचे मला नेहमी वाईट वाटते. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ नुसार ३० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे आणि ४ ते २९ कर्मचारी असलेल्या आस्थापना स्वेच्छेने घेऊ शकतात. शिकाऊ उमेदवाराला दरमहा विद्यावेतन मिळते आणि २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून त्याचा काही भाग केंद्र सरकार उचलते. अनेक शाखा असलेल्या सलॉनमध्ये कर्मचाऱ्यांची संख्या तिशीच्या पुढे सहज जाते. त्यामुळे अशा ठिकाणी शाखेच्या व्यवस्थापकाकडे ‘जागा आहे का’ असे विचारण्याऐवजी त्यांच्या मनुष्यबळ विभागाला थेट लिहा की माझ्याकडे आयटीआयचे प्रमाणपत्र आहे आणि मला शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू व्हायचे आहे. सरकारी पोर्टलवर स्वतःची नोंदणी आधीच करून ठेवा. या मार्गाने घालवलेला काळ कागदोपत्री अनुभव म्हणून धरला जातो, तर ‘हेल्पर म्हणून या’ असे म्हणणारी पार्लर पुढे अनुभवाचा दाखला देतीलच असे नाही.

आंतरराष्ट्रीय डिप्लोमाविषयी तुमच्या वडिलांना माझे मत जरूर सांगा. सिडेस्को ही सौंदर्योपचार क्षेत्रातली आंतरराष्ट्रीय संस्था १९४६ मध्ये ब्रुसेल्स येथे स्थापन झाली, तिचे मुख्यालय झुरिचला आहे आणि तिच्या डिप्लोमाला जगभर मान आहे, यात शंका नाही. परंतु त्याचा खरा उपयोग परदेशात, क्रूझ जहाजांवर किंवा पंचतारांकित हॉटेलांच्या स्पामध्ये नोकरी शोधताना होतो. कर्वेनगर किंवा औंधमधल्या पार्लरची मालकीण त्यासाठी तुम्हाला जास्त पगार देईल असे मला वाटत नाही, आणि अनुभव नाही ही तुमची सध्याची अडचण तर तशीच राहते. एखादे वर्ष काम करून पाहा, त्वचेचे काम आवडते की मेकअपचे हे तुम्हाला उमगू द्या, आणि मग कर्ज काढावेसे वाटले तर काढा. एका दिवसाच्या सेमिनारची रंगीत प्रमाणपत्रे गोळा करण्यात मात्र पैसे घालवू नका. मुलाखतीत ती कोणी वाचत नाही.

त्याऐवजी स्वतःच्या कामाची छायाचित्रे नीट जमवा. त्या व्यक्तीची परवानगी घेऊन, आधीचे आणि नंतरचे छायाचित्र एकाच जागी, एकाच उजेडात आणि कोणतेही फिल्टर न लावता काढलेले असावे. फिल्टर लावलेले छायाचित्र जाणकार डोळ्यांना लगेच ओळखू येते आणि बाकीच्या चांगल्या कामावरही त्याने संशय येतो.

क्लिनिक_बाणेर

मी आधी सलॉनमध्ये होते आणि आता एका त्वचारोगतज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये थेरपिस्ट म्हणून काम करते. बाँडविषयी लिहिते, कारण या बाबतीत नव्या मुलींना फार घाबरवले जाते.

मूळ प्रमाणपत्र कोणालाही जमा करू नका. पडताळणीसाठी दाखवा, साक्षांकित प्रत द्या आणि मूळ प्रत त्याच दिवशी घरी घेऊन या. ‘नोकरी सोडल्यावर या परिसरात काम करायचे नाही’ ही अट भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम २७ नुसार निरर्थक ठरते, कारण एखाद्याला त्याचा कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. मुदतीपूर्वी सोडल्यास भरपाई देण्याची अट मात्र वेगळी आहे. मालकाने तुमच्या प्रशिक्षणावर खरोखर खर्च केला असेल तर वाजवी भरपाई मागता येते, म्हणून प्रशिक्षण कोणते, किती दिवसांचे आणि त्याचा खर्च किती हे बाँडमध्ये लिहिलेले नसेल तर सही करू नका. हेल्पर म्हणून टॉवेल धुण्याला प्रशिक्षण म्हणता येत नाही.

औंध, बाणेर, कल्याणीनगर या भागांत त्वचेची क्लिनिक पुष्कळ आहेत आणि तुमच्यासारख्या आयटीआय झालेल्या मुलींचा तिथे विचार होतो, कारण स्वच्छता, निर्जंतुकीकरण आणि नोंदी ठेवण्याची शिस्त त्यांना हवी असते. तिथे अर्ज करण्यापूर्वी हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस सुरू करा. दुसरा डोस एका महिन्याने आणि तिसरा सहा महिन्यांनी असतो. आपल्या कामात रक्ताशी संबंध कधीही येऊ शकतो, त्यामुळे सलॉनमध्ये राहिलात तरी ही लस घ्याच. मात्र डॉक्टर जागेवर नसताना पील (रसायन लावून त्वचेचा वरचा थर काढणे) किंवा लेझर करायला सांगितले तर नम्रपणे आणि ठामपणे नकार द्या. भाजलेल्या त्वचेची जबाबदारी शेवटी ज्याच्या हातात यंत्र होते त्याच्यावर ढकलली जाते.

घरपोच सेवेच्या ॲपवर लगेच जाऊ नका असे मी सुचवेन. साहित्याचा खर्च, प्रवास आणि ग्राहकांनी ॲपवर दिलेले गुण हे सगळे एकटीने सांभाळावे लागते आणि चुकल्यास सावरायला शेजारी कोणी ज्येष्ठ नसते. हात बसल्यानंतर तो पर्याय चांगला आहे.

नवोदित_कर्वेनगर

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. डिप्लोमाचा विचार वडिलांशी बोलून आम्ही पुढे ढकलला आहे आणि शिकाऊ उमेदवारीसाठी नोंदणी केली आहे. दरम्यान वारजे येथील एका पार्लरने मला बोलावले असून तिथे ट्रायल रीतसर, त्यांच्याच एका मुलीवर झाली. पगार कमी आहे आणि त्यावर टार्गेट पूर्ण केल्यास इन्सेंटिव्ह मिळेल असे म्हणतात. पार्लर_कोथरूड ताई, अशा वेळी कोणत्या गोष्टी लिहून घ्याव्यात, हे सांगू शकाल का?

पार्लर_कोथरूड

ट्रायल रीतसर घेतली हे चांगले लक्षण आहे. सर्वांत आधी हे स्पष्ट करून घ्या की टार्गेट पूर्ण झाले नाही तरी ठरलेला पगार पूर्ण मिळेल आणि तो किमान वेतनापेक्षा कमी नसेल. वेतन संहिता २०१९ नुसार किमान वेतनाचा हक्क सर्वच कामगारांना आहे, पार्लर लहान असल्याची सबब त्यात चालत नाही.

टार्गेटच्या बाबतीत नव्या मुली एका ठिकाणी हमखास फसतात. तुमचे स्वतःचे ग्राहक अजून तयार झालेले नसतात, त्यामुळे कोणता ग्राहक तुमच्याकडे पाठवायचा हे मालकीण किंवा ज्येष्ठ मुलगी ठरवते, आणि आकडा मात्र तुमच्या नावावर लागतो. म्हणून पहिले तीन-चार महिने टार्गेट नसावे, असे मागा. त्यानंतर केवळ केलेली कामे मोजणार की विकलेली क्रीम-सिरमही मोजणार, दोघींनी मिळून केलेले काम कोणाच्या नावावर धरणार, साहित्य वाया गेल्यास पगारातून कापणार का, आणि टीप कोणाची, हे चारही मुद्दे लिहून घ्या. रात्री पार्लर किती वाजता बंद होते आणि साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी, हेही त्याच कागदावर असू द्या. लग्नसराईत सुट्टी रद्द होणार असेल तर तिच्या बदल्यात दुसरा दिवस मिळावा.

पगाराइतकीच मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे कोणत्या महिन्यापासून तुम्हाला आयब्रो आणि फेशियल स्वतंत्रपणे करू देणार, हे त्यांच्याकडून वदवून घ्या. वर्षभर फक्त वॅक्सिंग आणि पेडिक्युअर करत राहिलात तर पुढच्या ठिकाणी पुन्हा नवख्याच ठराल. या गोष्टी लिहून द्यायला त्या तयार असतील तर पगार थोडा कमी असला तरी ही नोकरी घ्या. कर्वेनगरहून वारजे जवळ आहे आणि जाण्यायेण्यात वाचणारा वेळ तुम्हाला सरावाला मिळेल. शिकाऊ उमेदवारीचे बोलावणे मधेच आले तर सोडण्यापूर्वी किती दिवसांची सूचना द्यायची, तेही आत्ताच विचारून ठेवा.