मदत हवी आहे: टीबीचे उपचार सुरू झाल्यावर आईची मेटफॉर्मिन थांबवली, पुन्हा सुरू करण्याबद्दल विचारावं का?

नमस्कार मंडळी,

आई ६१ वर्षांची आहे, मधुमेह जुना. थुंकीच्या तपासणीत फुप्फुसाचा टीबी निघाला. नशिबाने रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देणारा आहे, त्यामुळे नेहमीची सहा महिन्यांची एकेटी (टीबीच्या औषधांचा कोर्स) लागली. तेव्हा साखर तीनशेच्या वर होती म्हणून छातीच्या डॉक्टरांनी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या दोन्ही गोळ्या थांबवून इन्सुलिन दिलं.

इन्सुलिनबद्दल माझी तक्रार नाही, साखर उतरतेय. ग्लिमेपिराइड का बंद केली तेही पटलं. रिफाम्पिसिनमुळे यकृतातली एन्झाइम्स वाढतात, मग अशा गोळ्या शरीरातून लवकर निघून जातात आणि साखर चढते. पण मेटफॉर्मिन यकृतात मोडत नाही, मूत्रपिंडातून जशीच्या तशी बाहेर पडते. मग ती का थांबवली, हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता.

हा प्रश्न डोक्यात राहिला तो धाकट्या भावामुळे. त्याने कुठेतरी वाचलं की मेटफॉर्मिन टीबीशी लढायला मदत करते. मला आधी व्हॉट्सॅपवरचा प्रकार वाटला, पण शोधल्यावर दिसलं की यावर खरंच काम झालंय. २०१४ साली सिंगापूरच्या संशोधकांनी सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिनमध्ये निबंध छापला होता. टीबीचा जंतू आपल्याच भक्षक पेशींच्या पोटात जाऊन बसतो आणि तिथे पेशीला त्याला पचवू देत नाही. मेटफॉर्मिन पेशीतलं एएमपीके नावाचं एन्झाइम जागं करते, त्यामुळे ही पचवण्याची यंत्रणा पुन्हा चालू होते. जंतूंना मारक असे ऑक्सिजनचे रेणूही पेशी जास्त तयार करते. म्हणजे औषध जंतूवर थेट हल्ला न करता आपल्या पेशीला बळ देतं. उंदरांची फुप्फुसं कमी खराब झाली आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेही रुग्णांच्या फुप्फुसात पोकळ्याही कमी दिसल्या. मधुमेहींना टीबीचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो, त्यामुळे हे वाचून मला फार आशा वाटली.

पुढचं वाचल्यावर मात्र ती आशा आवरती घ्यावी लागली. २०१७ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने उंदरांना टीबीच्या पूर्ण औषधांबरोबर मेटफॉर्मिन दिली, तर जंतू मारण्यात काही भर पडली नाही. मग चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेने माणसांवर चाचणी केली. मधुमेह नसलेले तीनशेहून जास्त रुग्ण, निम्म्यांना एकेटीबरोबर पहिले आठ आठवडे रोज १००० मिलीग्रॅमपर्यंत मेटफॉर्मिन. २०२२ मध्ये निकाल आला. थुंकी निगेटिव्ह व्हायला दोन्हीकडे जवळपास सारखाच वेळ लागला. पण मेटफॉर्मिनवाल्यांच्या रक्तातली दाहाची लक्षणं कमी झाली आणि एक्स-रे लवकर स्वच्छ झाले. मला यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. टीबी बरा होऊनही ज्यांना जिना चढताना धाप लागते, त्यांचं फुप्फुस बहुतेक या दाहातच गेलेलं असतं.

भाऊ म्हणतो, आईच्या उरलेल्या पट्ट्या आहेतच, घरात टीबी आहे तर आपण सगळ्यांनी रोज एक घ्यावी. मी त्या पट्ट्या कपाटात कुलूप लावून ठेवल्यात. निरोगी माणसाने टीबी होऊ नये म्हणून मेटफॉर्मिन घ्यावी, असं चेन्नईच्या चाचणीत तपासलेलंच नव्हतं. घरच्यांसाठी सरकारी केंद्रातून टीबी-प्रतिबंधक उपचार मिळतात, आधी एक्स-रे काढून. आम्ही तिघंही याच आठवड्यात त्यासाठी जातोय. कुणी असा घरगुती प्रयोग करत असेल तर कृपा करून थांबवा.

आईबद्दल मात्र मन ठरत नाही. ती सकाळी त्या लालसर गोळ्या घेते आणि तासाभराने मळमळ सुरू होते. भाकरी दुधात कुस्करून दिली तरी चार घास खाऊन ताट सरकवते. वजन आधीच ४३ किलो आहे. मेटफॉर्मिनने भूक मरते, पोट बिघडतं, हे आम्ही घरात पूर्वी पाहिलंय. टीबीत वजन भरून येणं किती गरजेचं असतं ते तुम्हाला माहीत आहेच. शिवाय मेटफॉर्मिनने बी-१२ कमी होतं आणि एकेटीतल्या आयसोनियाझिडने हातापायांना मुंग्या येऊ शकतात. त्यासाठी पायरिडॉक्सिन (बी-६) चालू आहे, पण दोन्ही एकत्र आलं तर? कदाचित डॉक्टरांनी हाच विचार करून ती थांबवली असेल.

तर अनुभवी लोकांना विचारते. तुमच्या घरी मधुमेह आणि टीबी एकत्र असताना मेटफॉर्मिन चालू ठेवली होती का? ठेवली असेल तर सुरुवातीपासून, की पहिले दोन महिने संपून गोळ्या कमी झाल्यावर? कुणाची एकेटी संपल्यावर रिफाम्पिसिनचा परिणाम ओसरून साखर एकदम खाली आली का? कुणी छातीचे किंवा मधुमेहाचे डॉक्टर इथे असतील तर सांगा, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि लिव्हरचे रिपोर्ट बरे असले तर हा विषय पुढच्या भेटीत काढणं रास्त आहे ना? दोन्ही रिपोर्ट बरोबर नेणार आहे. डोस इथे विचारत नाही, तो त्यांनीच ठरवायचा.

आणि सकाळच्या मळमळीवर कुणाला काही लागू पडलं असेल तर तेही लिहा. नाश्ता पोटात गेला नाही की इन्सुलिन किती टोचायचं हाच रोजचा घोर होतो.