निअँडरथल मठ्ठ होते म्हणून संपले? काहीही!

गारवेल
इथे काल कुणीतरी कौतुकाने निअँडरथलांवरचं, म्हणजे आपल्याआधी युरोप-आशियात राहणाऱ्या प्राचीन मानवांवरचं, एक ढकलपत्र डकवलंय. "निअँडरथल ताकदवान पण मठ्ठ होते, आपण दुबळे पण हुशार. म्हणून ते संपले, आपण उरलो. मुलांना अभ्यासाचं महत्त्व पटवा!" वर टाळ्यांचा पाऊस. राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढते.

मठ्ठ कशावरून? मेंदूचं आकारमान आपल्याइतकंच, काहींचं जास्तच. फ्रान्समधल्या ब्रुनिकेलच्या गुहेत, तोंडापासून तीनशेहून अधिक मीटर आत, लवणस्तंभ मोडून, तुकडे मांडून केलेली वर्तुळं आहेत. सुमारे १,७६,००० वर्षांपूर्वीची. तिथे उजेड पोचतच नाही. म्हणजे आग घेऊन आत जायचं, ती विझू द्यायची नाही, काम करायचं आणि परत यायचं. इराकच्या शानिदार गुहेतला तो म्हातारा घ्या. उजवा हात निकामी, एका डोळ्याने बहुतेक दिसत नव्हतं, तरी चाळिशीच्या आसपास पोचला. त्या काळात हे एकट्याचं काम नाही, कुणीतरी त्याला खाऊ घालत होतं.

आणि गुडघ्यात वाकलेल्या, पोक काढलेल्या त्या वानरमाणसाचं चित्र कुठून आलं? १९०८ साली ला शापेल-ओ-सें इथे सांगाडा सापडला, त्यावरून मार्सेलँ बूल या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते उभं केलं. बिचारा संधिवाताने पिडलेला होता! १९५७ मध्ये स्ट्रॉस आणि केव्ह या शरीरशास्त्रज्ञांनी हाडं पुन्हा तपासून सांगितलं, की धडधाकट निअँडरथल तुमच्याआमच्यासारखाच ताठ चालायचा. पण चित्र काही पाठ सोडत नाही.

शिवाय ते संपले कुठे? आफ्रिकेबाहेरच्या सगळ्यांच्या डीएनएत त्यांचा वाटा २ टक्क्यांच्या आसपास आहे. ढकलपत्र लिहिणाऱ्याच्याही.

बोरूबहाद्दर
ताई, भावना पोचल्या. पण दोन टक्क्यांवर "संपले कुठे" म्हणायचं असेल तर डोडोही संपला नाही, त्याचे चुलत भाऊ कबुतरं होऊन आमच्या गॅलरीत घाण करतायत.

जरा अडचणीचंही वाचा की. निअँडरथलचा मायटोकाँड्रियल डीएनए, म्हणजे फक्त आईकडून येणारा डीएनए, आजवर एकाही जिवंत माणसात सापडलेला नाही. एक्स गुणसूत्रावर त्यांच्या डीएनएचे अवशेष फारच कमी. म्हणजे संकर झाला, पण त्यांच्याकडून आलेलं बरंचसं नैसर्गिक निवडीने गाळून टाकलं. रोमेनियातल्या ओआसे गुहेत हाडं सापडलेल्या, आपल्याच जातीच्या प्राचीन माणसाचा निअँडरथल पूर्वज चार ते सहा पिढ्यांमागचा, वाटा ६ ते ९ टक्के. आणि आजच्या युरोपीय लोकांत त्याच्या वंशाचा मागमूस नाही. ४०,००० वर्षांपूर्वीनंतर त्यांची हाडं मिळत नाहीत, हत्यारं मिळत नाहीत. याला मराठीत संपणंच म्हणतात.

गारवेल
संपण्याबद्दल भांडत नाहीच आहे मी, "मठ्ठ म्हणून" याबद्दल भांडतेय. मुळात ते होतेच किती? सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेतल्या निअँडरथल बाईचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, २०१४ साली वाचून झाला, तिचे आईवडील सावत्र भावंडांइतके जवळचे निघाले. तिकडचीच चागिरस्काया गुहा, तिथे बाप आणि त्याची वयात आलेली मुलगी एकत्र सापडली, आणि टोळी असेल जेमतेम वीसेक माणसांची. एवढ्याशा टोळ्या, मध्ये शेकडो मैल मोकळे. अशांत दोन हिवाळे वाईट गेले की खेळ खलास. त्याला मठ्ठपणा लागत नाही.

पश्चिमवारा
इकडे न्यू जर्सीत नळीत थुंकून पाठवलं, की निअँडरथल अंश किती ते कळवतात. माझा सरासरीपेक्षा जास्त निघाला. सासऱ्यांना दाखवलं तर म्हणाले, "त्यात गोत्र येतं का?"

हेमाडपंती
चर्चा नेहमीसारखी फ्रान्स, जर्मनी, सायबेरिया! नर्मदेकाठी हथनोऱ्याला १९८२ मध्ये अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवाची कवटी मिळाली, ती कुणाच्या खिजगणतीत नाही. आपल्या हवेत डीएनए टिकत नाही हे मान्य, पण मुळात खणतंय कोण? शाळेत नर्मदा म्हणजे उगम अमरकंटक आणि सरदार सरोवर, एवढंच.

बोरूबहाद्दर
हथनोऱ्याची कवटी निअँडरथलची नाही. वेगळा धागा काढा, येतो तिकडे.

शिळोप्याचा गडी
पण करोना गंभीर करणारं ते जनुक निअँडरथलांकडूनच आलं ना? त्यावर बोला की कुणीतरी. क्रोमोसोम ३, म्हणजे तिसऱ्या गुणसूत्रावरचा तुकडा, श्वास बंद पाडणारा. दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांत त्याची एक तरी प्रत आहे, युरोपात १६ टक्क्यांत. आपली माणसं का गेली, याचं उत्तर तिथेच आहे.

डॉ. निवांत
झालं सुरू. त्या तुकड्यावरचा झेबर्ग आणि पाबो या जनुकशास्त्रज्ञांचा २०२०चा शोधनिबंध मीही वाचलाय. त्याच दोघांनी २०२१ मध्ये क्रोमोसोम १२ वरचा तुकडा दाखवला, तोही निअँडरथलांचाच, तो धोका साधारण एक पंचमांशाने कमी करतो. तो मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. आणि हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संस्थेचे थंगराज आणि बनारसचे चौबे या जनुकशास्त्रज्ञांनी आपल्याकडचे आकडे ताडून बघितले. युरोपातला तो धोका दक्षिण आशियात तसाच लागू पडताना दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं.

२०२१च्या एप्रिलमध्ये मी वॉर्डात होतो. सकाळी आलेला माणूस दुपारपर्यंत व्हरांड्यात स्ट्रेचरवर, कारण खाट नाही. नातेवाईक बाहेर सिलिंडरच्या रांगेत. हाही क्रोमोसोम ३ चा दोष का? चाळीस हजार वर्षांपूर्वीच्या माणसावर खापर फोडलं की कुणाला जाब विचारायला नको, फार सोयीचं आहे.

शिळोप्याचा गडी
सोयीचं? माझा सख्खा भाऊ गेला त्यात. रोज टेकडी चढणारा, बीपी नाही, शुगर नाही. त्याला खाटही मिळाली होती आणि ऑक्सिजनही. त्याच घरात ऐंशीची आई दोन दिवस खोकली आणि उठून स्वयंपाकाला लागली. तुमचा वॉर्ड याचं उत्तर देतो का? मला कुणाला वाचवायचं नाहीये, मला कळून घ्यायचंय.

पश्चिमवारा
डॉक्टर, जरा दमाने घ्या.

डॉ. निवांत
शब्द लागला असेल तर मागे घेतो, भावाबद्दल खरंच वाईट वाटतं. पण एका घरावरून निष्कर्ष निघत नाही. तो तुकडा भावाला वडिलांकडूनही आलेला असू शकतो, किंवा दोघांकडेही नसेल. त्या तुकड्याने धोका वाढतो, निकाल लागत नाही. वय आजही सगळ्यांत मोठा घटक आहे, तुमच्या आई अपवाद.

शिळोप्याचा गडी
म्हणजे असूही शकतो. एवढंच म्हणत होतो मी.

गारवेल
माझा धागा होता हो हा.

बोरूबहाद्दर
त्याला पाय फुटले, आता येत नाही तो परत. बरं, "मठ्ठ" हा शब्द चुकीचा, दिला सोडून. ब्रुनिकेलची वर्तुळं मला ठाऊक नव्हती, रात्री बसून वाचलं. पण "संपले" सोडणार नाही. आणि ते ढकलपत्र मी डकवलेलं नाही, फक्त टाळी दिली होती.