नव्या ट्रॉलीचे टायर बदलायचे का?

निपाणीकर: चार चाकी नवी ट्रॉली घेतलीय, उसाला लावायचीय. टायर कुठल्या कंपनीचे कुणास ठाऊक, नक्षी ताजी हाय पण गावात जो तो म्हणतोय काढून टाक, आता चार टायर म्हणजे पैसे काय झाडाला लागल्यात व्हय?

घाटवाला: गडबड करू नका ओ. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूला, तारखेचे चार आकडे बघा, ३५२२ म्हणजे २०२२ च्या ३५व्या आठवड्यातला. ट्रॉली नवी म्हणून टायर नवाच असतोय असं नाही.

चिकोडी_ऊस: तारीख बघाच, पण खरी भानगड लोडची. टायरवर किती किलो आन् किती हवा ते लिहिलेलं असतंय, चारांची बेरीज करा, मग काट्यावरचं भरलेल्या ट्रॉलीचं वजन बघा, काठावर असलं तर बदला. हवा कमी आन् ऊस ठासून भरला की साइडवॉल तापून फुटतोय, भारीतला टायर असला तरी.

निपाणीकर: दोनावर ४०२४, दोनावर १११९! एकाच ट्रॉलीत!!

घाटवाला: मग ते जुने दोन डीलरकडनं बदलून घ्या, बिल घेऊन जावा आन् भांडा की. बाकीचे चालवा. स्टेपनी बघितली काय?

निपाणीकर: दिलीच नाही ओ 😅