पेज हे अन्न की औषध, आणि ते ठरवायचे कोणी?

साखळीकर (चर्चेचा प्रस्ताव)

गोव्यात सध्या आयुर्वेदाला अनुकूल वारे आहे. धारगळ येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन डिसेंबर 2022 मध्ये झाले आणि त्याच वर्षी केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ‘आयुर्वेद आहार’ या नावाने विकल्या जाणाऱ्या पदार्थांसाठी स्वतंत्र नियम आणले. त्यानंतर पणजीपासून म्हापशापर्यंतच्या दुकानांत ‘अन्न हेच औषध’ असे लिहिलेली पाकिटे सर्रास दिसू लागली आहेत. हे वाक्य बहुधा हिपोक्रेटिसच्या नावावर खपवले जाते. त्याच्या म्हणून आज उपलब्ध असलेल्या ग्रंथांत ते या रूपात कुठेही नाही. उलट तेथे अन्न आणि औषध यांचा विचार बराच वेगवेगळा केलेला आहे.

माझे म्हणणे असे की, हे वाक्य आपल्या परंपरेचेही नाही. चरकसंहितेवर अकराव्या शतकात टीका लिहिणाऱ्या चक्रपाणिदत्ताने आहारद्रव्य हे रसप्रधान (चवीने ओळखले जाणारे) आणि औषधद्रव्य हे वीर्यप्रधान (प्रभावी शक्तीने ओळखले जाणारे) असा भेद स्पष्ट शब्दांत केला आहे. अन्न रोज, सर्वांनी, भुकेप्रमाणे खायचे असते. औषध हे विशिष्ट रोगासाठी, विशिष्ट काळापुरते आणि मोजून घ्यायचे असते. एखाद्या वस्तूला औषध म्हटले की तिची मात्रा, तिचा काळ आणि तिचे दोष सांगण्याची जबाबदारी येते. अन्नाला औषध म्हणणाऱ्याला मात्र औषधाची प्रतिष्ठा हवी असते आणि अन्नाला मिळणारी सूटही हवी असते.

हा केवळ शब्दांचा वाद असता तर मी तो उकरून काढला नसता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात सर्वाधिक, म्हणजे 26.4 टक्के आढळले. ज्या राज्यात प्रौढांपैकी चौघांत एकाहून अधिक जणांना मधुमेह आहे, तेथे ‘हे पीठ खा, गोळी सुटेल’ या वाक्याला गिऱ्हाईक किती मिळेल याचा विचार व्हावा.

वैद्य, फोंडा

साखळीकर महोदय, चक्रपाणींचा आधार आपण घेतलात याचा आनंद आहे, परंतु ते वाक्य ज्या जागी आले आहे ती जागा आपण सांगितली नाहीत. चरकाच्या सूत्रस्थानातील दुसऱ्या अध्यायात 28 यवागूंचे, म्हणजे आपल्या भाषेत 28 प्रकारच्या पेजांचे, वर्णन आहे. कोणती पेज अतिसारावर, कोणती शूळावर, कोणती भूक वाढवण्यासाठी, असा तो प्रपंच आहे, आणि त्या पेजेत सुंठीसारखे तीक्ष्ण द्रव्य किती घालावे व सौम्य द्रव्य किती घालावे हे सांगताना चक्रपाणी हा भेद करतात. म्हणजे अन्न आणि औषध एकाच भांड्यात शिजत असताना केलेला तो भेद आहे. दोन्ही वेगवेगळ्या कपाटांत ठेवावीत असा त्याचा अर्थ मला तरी दिसत नाही.

दुसरे असे की, आपल्या मांडणीत ‘पथ्य’ या कल्पनेला जागाच नाही. वैद्यजीवन लिहिणारा लोलिंबराज म्हणतो की, रोगी पथ्याने राहत असेल तर त्याला औषधाची गरज काय, आणि पथ्याने राहत नसेल तर औषधाचा उपयोग काय. श्लोकात अतिशयोक्ती आहे, हे मी मान्य करतो, कारण लोलिंबराज वैद्याइतकाच कवीही होता. परंतु वमन-विरेचनानंतर, म्हणजे उलटी व जुलाब देऊन केलेल्या शुद्धीनंतर, आधी पातळ पेया, मग दाट विलेपी, मग मुगाचे कढण, मग मांसरस असा जो क्रम शास्त्राने घालून दिला आहे, त्यात अतिशयोक्ती नाही. तेथे आहाराची मात्रा, काळ आणि क्रम औषधाइतक्याच काटेकोरपणे ठरलेले आहेत. जबाबदारी टाळण्याचा आपला आरोप आजच्या विक्रेत्यांवर लागू पडेल, परंपरेवर नाही.

आणि गोव्यातच बसून आपण हा वाद घालत आहोत म्हणून एक दाखला देतो. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा येथील औषधी द्रव्यांवरील संवादग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. पणजीच्या उद्यानाला त्याचे नाव आहे. हिंगाविषयी लिहिताना तो सांगतो की, या देशात ते द्रव्य औषधातही चालते आणि स्वयंपाकातही. पटकीच्या (कॉलऱ्याच्या) प्रकरणात, जिला आपल्याकडे मोडशी म्हणत, येथील वैद्य रोग्याला मिरी आणि जिरे घातलेली तांदळाची पेज पाजतात, अशी नोंद त्याने केली आहे. त्यानंतर चारशे वर्षांनी, 1971 मध्ये, बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडावाटे देऊन पटकीचा मृत्युदर सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आणला, आणि पुढे साखरेऐवजी तांदळाचे पीठ वापरूनही हे द्रावण पटकीत चांगले काम करते असे सिद्ध झाले. तांदळातील पिष्टाचे (स्टार्चचे) आतड्यात ग्लुकोज होते आणि ग्लुकोज आपल्याबरोबर सोडियम व पाणी आत ओढून नेते. याला आपण अन्न म्हणाल की औषध?

औषधविक्रेती, म्हापसा

वैद्यबुवा, ओर्ताचा तोच उतारा आणखी थोडा पुढे वाचावा. पेज पाजणारे तेच वैद्य त्याच रोग्याच्या पायांना डाग देत असत आणि डोळ्यांत पिंपळी घालत असत, हेही त्याने त्याच ठिकाणी लिहिले आहे. पेज, डाग आणि पिंपळी या तिन्ही गोष्टी एकाच परंपरेत, एकाच रोगासाठी, सारख्याच विश्वासाने वापरल्या जात होत्या. त्यांतली पेज ठेवावी आणि उरलेल्या दोन टाकाव्यात हे आपल्याला कोणी सांगितले? परंपरेने सांगितले नाही. ते मोजणाऱ्यांनी सांगितले. ओर्ताने नोंदवलेल्या त्या पेजेत मिरी आहे, जिरे आहे, पण मिठाचा उल्लेख नाही, आणि पटकीचा रोगी जे गमावतो त्यात पाण्याच्या बरोबरीने मीठच असते. मीठ किती आणि साखर किती हे ठरले तेव्हा पेजेचे औषध झाले. तोवर ती चांगल्या हेतूने पाजलेली पेज होती.

माझ्या दुकानात दररोज जे दिसते ते याहून साधे आणि अधिक काळजीचे आहे. हळद चांगली, म्हणून लोक हळदीची कॅप्सूल घेतात. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन हे तिचे मुख्य द्रव्य साधारण तीन टक्के असते आणि तेही शरीरात नीट शोषले जात नाही. म्हणून कॅप्सूलमध्ये ते वेगळे काढून, घट्ट करून, वर मिऱ्यातील पिपेरिन घालतात, ज्याने शोषण कित्येक पटींनी वाढते. हुमणात, म्हणजे माशांच्या आमटीत, पडणारी हळद आणि ही कॅप्सूल यांचे नाव सोडून फारसे काही सारखे राहत नाही. अशा पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी इटलीत आणि अमेरिकेत झाल्या आहेत. पिपेरिन इतर औषधांचेही शोषण आणि विघटन बदलते, फिट्सवरच्या फेनिटॉइनचे देखील. कोविडच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा प्यायला गेला आणि 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी त्यानंतर यकृताला सूज आलेले रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष नाकारला, दुसरीच जात वापरली गेली असावी असेही सुचवले गेले. तो वाद बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच की, वेल ओळखण्याची जबाबदारी कोणाची? औषधाच्या बाबतीत ती माझी असते आणि त्यासाठी माझ्याकडे परवाना असतो.

साखळीकरांशी मी बव्हंशी सहमत आहे, फक्त अन्न निरुपद्रवी असते हा त्यांचा सूर मला पटत नाही. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्या माणसाने एकदम रोज शेवग्याच्या पानांची भाजी खायला सुरुवात केली, तर त्यातील ‘के’ जीवनसत्त्वामुळे गोळीचा परिणाम घटू शकतो. ती भाजी त्याने सोडावी असे मी सांगत नाही. रोजचे प्रमाण सारखे ठेवावे आणि डॉक्टरांना कळवावे, एवढेच सांगते.

पेडणेकर

एरवी दारूला न शिवणाऱ्या आमच्या घरांत सर्दीसाठी म्हणून काजूच्या फेणीची बाटली ठेवलेली असते, तिचाही विचार वरील मान्यवरांनी करावा. काही घरांत ती सर्दी बारमाही असते.

काणकोणकर वहिनी

वरील सर्व प्रतिसादांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी की आरोग्याची परंपरा म्हणजे रोग झाल्यानंतर काय द्यावे याची यादी. माझ्या सासरी आणि माहेरी जे शिकवले गेले त्यातला फार थोडा भाग रोगाविषयी होता. पावसाळ्यात तेरें, म्हणजे रानटी अळू, शिजवताना सोलां (आमसुले) किंवा आंबाडे घातल्याशिवाय भांडे चुलीवरून उतरवायचे नाही, कारण घसा खाजतो. किल्ल, म्हणजे बांबूचे कोंब, चिरून पाणी बदलत भिजत ठेवायचे, मगच शिजवायचे. त्यात सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात हे मी फार नंतर वाचले. तायकिळा (टाकळा) कोवळा असतानाच खुडायचा. यात कोणी कोणाला बरे करत नाही. जंगलात आणि बांधावर जे उगवते त्यातले काय, कधी आणि कशा प्रकारे पोटात घालण्याजोगे होईल, याचे हे ज्ञान आहे, आणि ते लोलिंबराजाने लिहिलेले नाही, कारण तो पावसात तेरें खुडायला गेलेला नसावा.

या ज्ञानाचे मोल किती असू शकते हे उकड्या तांदळावरून दिसते. भात टरफलासकट उकडल्याने कोंड्यातील ब-1 जीवनसत्त्व दाण्यात उतरते आणि कांडून कोंडा काढल्यानंतरही बरेचसे टिकते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर ऐकमन या डच डॉक्टरने कांडून पांढऱ्या केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग होतो हे पाहिले. त्या कामासाठी त्यांना 1929 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मलायात ब्रॅडन या डॉक्टरांनी 1907 मध्ये दाखवून दिले की, कांडलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या चिनी मजुरांत बेरीबेरी पसरत असताना उकडा तांदूळ खाणारे तमिळ मजूर तिच्यापासून जवळजवळ मुक्त होते. त्या तमिळ बायकांनी भात उकडताना औषध करत असल्याचा आव आणला नव्हता. औषधविक्रेत्या ताई म्हणतात की मोजले तेव्हा पेजेचे औषध झाले. मला विचारायचे आहे की, मोजण्याआधीही जे माणसांना निरोगी ठेवत होते त्याला आपण काय म्हणणार, आणि गिरण्यांनी जेव्हा तांदूळ पांढराशुभ्र करून दिला तेव्हा त्याची जबाबदारी कोणत्या परवान्यावर लिहिली गेली?

साखळीकर

वहिनींचा प्रतिसाद माझ्या विरोधात आहे असे त्यांना वाटत असावे, पण मला तो माझ्याच बाजूचा वाटतो. उकडा तांदूळ रोग टाळतो कारण तो रोजचे अन्न आहे. ज्या रोगाचे कारणच अन्नातील उणीव आहे तेथे अन्नाने रोग जावा यात नवल नाही. हा दाखला घेऊन मधुमेह, संधिवात आणि कर्करोग यांच्यापर्यंत उडी मारता येत नाही, आणि पाकिटावरची जाहिरात नेमकी तीच उडी मारते. म्हणून वैद्यबुवांना माझा थेट प्रश्न आहे. आमच्या भागात अनेक वयस्कर माणसे सकाळी अकराच्या सुमारास पेज घेतात आणि त्यांतल्या कित्येकांना मधुमेह आहे. आपली परंपरा त्यांना काय सांगते?

वैद्य, फोंडा

पेज बंद करा, असे सांगते. प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेह ज्यात येतो त्या रोगांच्या, चिकित्सेत चरकाने भर दिला आहे तो जवावर. त्याच्या जोडीला मूग, कडू भाज्या आणि जुने तांदूळ येतात. रोज वाडगाभर पातळ पेज, तीही बैठे काम करणाऱ्याने घ्यावी, असा सल्ला तेथे कुठेही नाही, आणि व्यायामाविषयी शास्त्र इतके कठोर आहे की आजचा रुग्ण ते ऐकून उठून जाईल. उकड्या तांदळाने साखर पांढऱ्या तांदळापेक्षा काहीशी सावकाश चढते हे खरे असले, तरी वाडग्याचे माप त्याने बदलत नाही. शेतात राबणाऱ्याची पेज आणि कचेरीतून निवृत्त झालेल्याची पेज ही एकच वस्तू नव्हे, हे पथ्याचे पहिले सूत्र आहे, आणि ‘सर्वांसाठी उपयुक्त’ असे छापलेले पाकीट ते सूत्रच मोडते. त्या मर्यादेत मी आपल्याबरोबर आहे. परंतु त्यावरून अन्न आणि औषध यांच्यात भिंत आहे असे सिद्ध होत नाही. कोणाला, कधी आणि किती, हे विचारणारा वैद्य मध्ये असला पाहिजे, एवढेच सिद्ध होते.

औषधविक्रेती, म्हापसा

वैद्य मध्ये असावा हे मान्य, पण पाकीट घेणारा वैद्याकडे जात नाही. तो वाणसामान घेता घेता ते उचलतो. आयुर्वेद आहाराच्या नियमांप्रमाणे पाकिटावर ‘केवळ आहारासाठी’ असा इशारा द्यावा लागतो. तो कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतो आणि काउंटरवरचा माणूस तोंडाने मधुमेह बरा होईल असे सांगत असतो.

1954 चा आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा येथे वाचण्यासारखा आहे. शरीराच्या कार्यावर परिणाम करणाऱ्या वस्तूंना औषध ठरवताना त्याने अन्न वगळले आहे, परंतु रोग बरा करण्याच्या उद्देशाने दिलेला कोणताही पदार्थ औषधातच धरला आहे. म्हणजे माझ्या वाचनाप्रमाणे पीठ हे पीठच राहते, जोवर विकणारा त्याने रोग जाईल असे म्हणत नाही. ते म्हणताच ते औषध होते, आणि ज्या रोगांच्या इलाजाची जाहिरात करण्यास हा कायदा मनाई करतो त्यांत मधुमेह आहेच. जाहिरातीच्या व्याख्येत तोंडी केलेली घोषणाही येते. साखळीकरांनी धाग्याच्या आरंभी विचारलेली सीमारेषा कायद्याने अशी आखून ठेवली आहे. आता गावातल्या ओळखीच्या दुकानदाराविरुद्ध लेखी तक्रार द्यायला येथील कोण तयार आहे, ते कळवावे. मसुदा मी करून देते.